किती असायला हवे होते?

२०२१ सालच्या पावसाळ्यात माझ्या एका कादंबरीवर एका वाचकाचे पत्र आले. गृहस्थ सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अक्षर वळणदार, शाई निळी. कादंबरी आवडली की नाही, याबद्दल पत्रात चकार शब्द नव्हता. या पुस्तकात 'उगाच' हा शब्द १३७ वेळा आला आहे, एवढेच त्यांनी लिहिले होते. आणि खाली त्या सर्व ठिकाणांचे पृष्ठांक चार रकान्यांत ओळीने मांडले होते. मी दोन-चार ठिकाणे उघडून पाहिली. पृष्ठांक बिनचूक होते.

अशा पत्राला उत्तर काय लिहायचे? आभार मानावेत तर कशाबद्दल? रागवावे तर गृहस्थांनी दोष दिलेलाच नाही. पण पत्र काही मनातून जाईना. १३७ म्हणजे फार झाले की थोडे? साठ हजार शब्दांच्या कादंबरीत मराठी माणसाच्या तोंडी 'उगाच' किती वेळा यावे, याचा काही दर ठरलेला आहे काय? 'आणि' हा शब्द दीड हजार वेळा आला असता तर त्याची कोणी नोंदही घेतली नसती. आकडा कशाच्या शेजारी ठेवायचा हे ठरल्यावाचून त्याला तोंड फुटत नाही.

त्या वर्षी दिवाळीला माझा एक जुना विद्यार्थी गावी आला होता. तो पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करतो. काय काम करतोस, असे मी त्याला पूर्वी दोनदा विचारले होते आणि दोन्ही वेळा त्याने, आईवडिलांना सांगावे तसे, "कॉम्प्युटरवर असतं, सर," एवढे सांगून मला वाटेला लावले होते. या खेपेला मी त्याच्यापुढे ते पत्र ठेवले. त्याने ते दोनदा वाचले आणि तो मोठ्याने हसला.

"सर, या काकांना आमच्याकडे नोकरी द्यायला हवी," तो म्हणाला. "आम्ही दिवसभर हेच करतो. फक्त यांनी अर्धंच काम केलंय. किती आहेत ते सांगितलं. किती असायला हवे होते, ते सांगितलंच नाही."

पुढचे दोन तास तो बोलत होता आणि समोरचे फराळाचे ताट तसेच राहिले. शास्त्राचे माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबलेले. तरी त्याचे बोलणे मला पुष्कळसे कळले, कारण विषय अक्षरांचा होता.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत डीएनए नावाचा लांबलचक धागा असतो, हे आता शाळेतली मुलेही सांगतात. धागा दोन पेडांचा, गोफासारखा विणलेला. त्यावर ॲडेनिन, सायटोसिन, ग्वानिन आणि थायमिन या चार घटकांची ओळ असते. शास्त्रज्ञ त्यांची आद्याक्षरे वापरतात : ए, सी, जी आणि टी. एका पेडावर ए असेल तर समोर टी, सी असेल तर समोर जी. म्हणून एक पेड वाचला की दुसरा आपोआप कळतो. माणसाची ही पोथी सुमारे ३०० कोटी अक्षरांची आहे. तीत स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नाही. आपल्या जुन्या पोथ्यांतही शब्द तोडून लिहीत नसत; पण तिथे भाषा ओळखीची असे. इथे भाषाच ठाऊक नाही. अनोळखी भाषेतली सलग लिहिलेली पोथी हाती आली तर माणूस काय करील? मोजील. कोणता अक्षरसमूह पुन्हा पुन्हा येतो आणि कोणता यायला हवा असून येत नाही, याच्या याद्या करील.

१९९५ साली स्वतंत्रपणे जगणाऱ्या एका जीवाची अशी पोथी प्रथमच अथपासून इतिपर्यंत वाचून झाली. हा जीव म्हणजे हीमोफिलस इन्फ्लुएन्झी नावाचा जिवाणू. या बिचाऱ्याच्या नावातच एक आळ आहे. १८९२ साली फ्लूच्या साथीत रिचर्ड फायफर या जर्मन शास्त्रज्ञाला तो रोग्यांच्या शरीरात सापडला आणि फ्लू यानेच होतो असे ठरून गेले. पुढे १९३३ साली माणसाला होणाऱ्या फ्लूचा खरा विषाणू हाती लागला. आळ खोटा ठरला. नाव मात्र चिकटले ते चिकटलेच. (जिवाणू अगदीच साधुसंत नाही. लहान मुलांना मेंदूज्वर आणणारी त्याची एक जात आहे. पण तो गुन्हा निराळा.)

त्याची पोथी १८,३०,१३७ अक्षरांची. तीत ए-ए-जी-टी-जी-सी-जी-जी-टी हा नऊ अक्षरांचा समूह दोन्ही पेड धरून १,४६५ वेळा सापडला. आता असायला किती हवा होता? चार अक्षरांपासून नऊ अक्षरी समूह किती होतील याचा गुणाकार केला तर २,६२,१४४ येतात. असा समूह जिथे सुरू होऊ शकेल अशा जागा दोन्ही पेडांवर मिळून साडेछत्तीस लाखांच्या थोड्या वर. भागाकार केला की उत्तर चौदा. चौदा असायला हवे होते, आणि आहेत चौदाशे पासष्ट! मी बोटे मोडून हा भागाकार पुन्हा केला. हा जिवाणू भोवताली पडलेले डीएनएचे तुकडे उचलून पोटात घेतो, आणि घेताना ही खूण असलेले तुकडे आधी घेतो. म्हणजे आपल्याच कुळातले. देवक पाहून सोयरीक करावी, तसा प्रकार.

पण हा चौदाचा आकडाही कच्चा आहे. चारही अक्षरे सारखीच वापरली जातात असे आपण गृहीत धरले. तसे नसते. अर्विन चारगाफ यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की डीएनएत ए जितके तितके टी आणि सी जितके तितके जी. पण या दोन जोड्यांचे आपसातले प्रमाण प्रत्येक जीवाचे निराळे. या जिवाणूत सी आणि जी मिळून शंभरात अडतीसच. ते धरून हिशेब केला तर चौदाचे आठ होतात. मराठीच्या कोणत्याही पानावर 'र' किती आणि 'झ' किती याचा अंदाज असल्याशिवाय 'झरझर' हा शब्द दुर्मिळ आहे की नाही हे कसे ठरवणार?

याच्याही पुढची एक पायरी आहे, आणि ती चढणारा माणूस अक्षरे मोजत होता तो कवितेत. सेंट पीटर्सबर्गचे गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी जानेवारी १९१३ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यकादंबरीतली पहिली २०,००० अक्षरे घेऊन, मधल्या जागा गाळून, त्यांनी स्वर आणि व्यंजने मोजली होती. स्वर निघाले ८,६३८, म्हणजे शंभरात ४३. पण स्वराच्या पाठोपाठ पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण शंभरात अवघे १३, आणि व्यंजनाच्या पाठोपाठ स्वर येण्याचे ६६. एवढे रसाळ काव्य समोर असताना त्यातला शृंगार नि उपरोध बाजूला सारून नुसते स्वर मोजत बसणारा हा माणूस मला प्रथम अगदीच अरसिक वाटला. आता वाटत नाही. पुढचे अक्षर मागच्या अक्षरावर अवलंबून असते, हे बोलणाऱ्या प्रत्येकाच्या जिभेला ठाऊक आहे. मार्कोव्ह यांनी ते आकड्यांत बांधले. त्या साखळीला आज त्यांचेच नाव आहे.

डीएनएच्या मोजणीत ही साखळी कशी वापरतात ते ऐकून मी चकितच झालो. समजा, 'क-ख-ग' हा समूह किती वेळा असायला हवा ते काढायचे आहे. पोथीत 'ख' किती, 'क-ख' किती आणि 'ख-ग' किती, हे मोजून घ्यायचे. मग इतक्या 'ख'च्या पुढे 'ग' इतक्या वेळा, तर इतक्या 'क-ख'च्या पुढे किती वेळा? हे तर आपले त्रैराशिक! मजुरांची आणि दिवसांची गणिते घालून ज्याने आम्हाला रडवले, ते त्रैराशिक पुण्याच्या प्रयोगशाळेत जिवाणूंची भाषा उलगडते आहे, हे आमच्या गणिताच्या मास्तरांना कळायला हवे होते.

अपेक्षा ठरली, तरी लगेच निवाडा करता येत नाही. चौदा अपेक्षित असताना अठरा सापडले, तर त्यात काही अर्थ आहे का? नाही. चौदाच्या आकड्याला चारएकचा झोल सहज असतो. अपेक्षेचे वर्गमूळ काढले की साधारणपणे तो झोल कळतो. सापडलेला आकडा अपेक्षेपासून किती झोल दूर पडला, हे पाहायचे. दोन झोलांपर्यंत गप्प बसायचे.

मी भाषेचा शिक्षक, म्हणून मला सर्वांत आवडला तो यानंतरचा घोळ. 'काकाकाका' असे सलग लिहिले तर त्यात 'काका' किती वेळा आला? दोनदा, असे कोणीही म्हणेल. पण एकेक अक्षर सरकत मोजले तर तीनदा. पहिल्या 'काका'चा शेवटचा 'का' घेऊन मधला 'काका' उभा राहतो. काका, मामा, दादा, नाना, बाबा. घरातली सगळी पुरुषमंडळी अशी एकमेकांच्या अंगावर रेललेली. 'आई'चे तसे नाही. तिच्या शेवटाला तिचा आरंभ जुळत नाही. ती दरवेळी नव्यानेच यावी लागते. वाल्या कोळ्याची गोष्ट तर आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. 'मरा मरा' म्हणत राहिला आणि त्यातून 'राम राम' निघाला. त्या जपात 'मरा' किती आणि 'राम' किती, हा प्रश्न नारदालाही अवघड गेला असता.

यातली मेख अशी, की स्वतःवर रेलणारे समूह झुंडीने येतात. एक आला की त्याला लागून दुसरा येण्याचा संभव वाढतो, आणि मग बराच वेळ कोणी फिरकत नाही. एसटी तासभर येत नाही आणि आली की दोन एकदम येतात, तसे. २०२२ साली मी हा प्रयोग सातवीच्या वर्गात करून पाहिला. अर्ध्या वर्गाला सांगितले, ओळीने दोनदा छापा पडेपर्यंत नाणे उडवा. उरलेल्यांना सांगितले, छाप्यामागून काटा पडेपर्यंत उडवा. दोन्ही गोष्टी सारख्याच संभवाच्या. तेव्हा सारखाच वेळ लागावा, असे मुलांचे एकमुखी मत पडले. पण हिशेबाने छापा-छापासाठी सरासरी सहा वेळा नाणे उडवावे लागते आणि छापा-काटासाठी चार वेळा. कारण छापा पडल्यावर काटा आला तर पहिल्या गटाचे सारे मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या गटाला मात्र छाप्यावर छापा पडला तरी हातातला छापा हातातच राहतो. वर्गाचे आकडे सहा आणि चार यांच्या जवळपासच आले. फळ्यावर ते लिहून घ्यायला जो मुलगा पुढे आला, त्याच्यासाठी शिपायाने स्टूल आणून दिले. त्या मुलाविषयी मला पुढे लिहायचे आहे.

तर अशा झुंडीने येणाऱ्या समूहांचा झोल मोठा असतो. तो लक्षात न घेता साध्या वर्गमुळाने मोजले, की जिथे काही नाही तिथे अद्भुत दिसू लागते. या चकव्यात आपले सात महिने गेले, असे माझ्या विद्यार्थ्याने ओशाळून सांगितले. दुसरा चकवा याहून मोठा. सहा अक्षरी समूह ४,०९६ होतात. ते सगळेच्या सगळे तपासले, आणि शंभरात एकदाच घडेल अशी गोष्ट दिसली की तिला विलक्षण म्हणायचे ठरवले, तर काही नसतानाही चाळीसएक समूह विलक्षण ठरणारच. शंभर भाकिते करणाऱ्या ज्योतिषाचे एखादे खरे निघते, आणि गावात चर्चा त्या एकाचीच होते. यावर कार्लो बोन्फेरोनी या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा उपाय सरळ आहे : चार हजार ठिकाणी शोधायचे असेल तर पुराव्याची अटही चार हजार पटींनी कडक करा. घरोघरी हा नियम लागू झाला तर आपली निम्मी संभाषणे बंद पडतील.

जे आहे ते मोजण्याहून जे नाही ते मोजणे मला अधिक नाट्यमय वाटते. टी-७ नावाचा एक विषाणू ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या जिवाणूवर जगतो. त्याची पोथी सुमारे ४० हजार अक्षरांची. तीत जी-ए-ए-टी-टी-सी हा समूह दहाएक वेळा असायला हवा होता. एकदाही नाही. ई. कोलायच्या काही वाणांपाशी एक रासायनिक कात्री असते आणि ती नेमका हाच समूह दिसला की तिथे धागा कापते. ज्या विषाणूंच्या पोथीत हा शब्द होता ते कापले गेले. ज्यांच्यात नव्हता ते तरले, असा याचा अर्थ लावतात. मला माझी आजी आठवली. तिचे सगळे बोलणे लिहून काढून कोणी परग्रहावरच्या माणसाने मोजले असते, तर गावातली सारी नावे त्यात सापडली असती. एक 'गणपत' तेवढे नसते. गणेशोत्सवातसुद्धा ती 'देव बसवले' म्हणे. आजोबांचे नाव तिने घेतले नाही, आणि त्या न घेण्यावरूनच त्या नावाचे मोल कळले असते.

यायला हवा असून न येणारा असाच एक शब्द आपल्या, म्हणजे माणसाच्या, पोथीत आहे. दोनच अक्षरांचा. सीच्या मागोमाग जी.

पोथी अक्षरन्‌अक्षर वाचण्याची विद्या हाती येण्यापूर्वीच, १९६१-६२ च्या सुमारास, आर्थर कॉर्नबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ रसायनांच्या साहाय्याने अक्षरांच्या शेजाऱ्यांची खानेसुमारी केली होती. कोणत्या अक्षराशेजारी कोणते अक्षर किती वेळा येते, एवढेच त्यांना काढता येत होते. तेवढ्यातही हे दिसले, की पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत सी-जी ही जोडी फार विरळ आहे. माणसात सी आणि जी ही अक्षरे प्रत्येकी शंभरात वीस-एकवीस. तेव्हा शंभर जोड्यांत सी-जी चारदा तरी दिसावी. दिसते एकदा. गंमत अशी, की उलटी जोडी, जी-सी, जेवढी असावी तेवढी आहे. 'राम'चा तुटवडा आणि 'मरा' मुबलक, असे काहीसे.

कारण पुढे कळले. पेशी आपल्या काही सी-अक्षरांवर मिथिल नावाची एक छोटी खूण चढवते, आणि माणसात ती बहुधा सी-जी या जोडीतल्या सीवरच चढते. आता सी हे अक्षर मुळातच जरा निसरडे. पेशीतल्या पाण्याने ते अधूनमधून आपोआप बिघडते. खूण नसलेला सी बिघडला तर त्याचे युरॅसिल होते. ते डीएनएचे अक्षरच नव्हे. दुरुस्ती करणारी विकरे ते ओळखून काढून टाकतात. पण खूण असलेला सी बिघडला की त्याचा होतो टी, आणि टी तर पोथीतले मान्य अक्षर. ज्याने कधी छापखान्याची मुद्रिते तपासली आहेत, त्याला हे चटकन समजेल. 'दिवस'चा 'दिवल' झाला तर कोणीही पकडील. पण 'दिन'चा 'दीन' झाला, तर दोन्ही शब्द खरे असल्यामुळे भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतो. सी-जीची टी-जी होते, समोरच्या पेडावर सी-ए होते, आणि ती चूक पुढच्या प्रतीत मूळ पाठ म्हणून उतरते. लाखो वर्षांच्या नकलांत सी-जी झिजत गेली. टी-जी आणि सी-ए या जोड्या अपेक्षेहून जास्त आहेत, हेही मोजून पाहिले की दिसते. खानेसुमारीत हरवलेली माणसे दुसऱ्या गावच्या यादीत सापडावीत, तसे.

आता तो स्टुलावर उभा राहणारा मुलगा. हातपाय आखूड, डोके मोठे, बुद्धी तल्लख, हस्ताक्षर माझ्याहून चांगले. आईवडील दोघेही चारचौघांसारख्या उंचीचे. आई शाळेत यायची ती खाली मान घालूनच. एकदा बाकाखाली पाय टेकायला पाट करून घेण्याविषयी बोलायला आली, तेव्हा मी सहज विचारले, की डॉक्टरांना दाखवले होते का. तिने जे सांगितले ते डॉक्टरांविषयी नव्हते. १५ जानेवारी २०१० ला भर दुपारी सूर्यग्रहण होते. तिला चौथा महिना. घरात सासऱ्यांचे पथ्य होते म्हणून तिने विळीवर दोडका चिरला. मूल असे झाले ते त्यामुळे, हे घरात पहिल्या दिवसापासून ठरून गेले होते. बारा वर्षे ती ते ऐकत होती. ऐकून ऐकून तिलाही ते खरे वाटत होते.

मी पुण्याला फोन केला. माझ्या विद्यार्थ्याने तिथल्या जनुकतज्ज्ञ डॉक्टरांची वेळ मिळवून दिली, आईवडील मुलाला घेऊन गेले आणि महिन्याभराने कागद आला. ॲकाँड्रोप्लेसिया. साधारण पंचवीस हजार जन्मांत एखादे मूल असे जन्मते, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील सामान्य उंचीचेच असतात. एफजीएफआर-३ नावाच्या जनुकातले १,१३८ वे अक्षर जीचे ए झाले होते. १९९४ साली या आजाराचे हे कारण सापडले, आणि जगभरात शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक रोग्यांत तेच एक अक्षर बदललेले आढळते. तीनशे कोटींतले एकच.

"सर, त्या जीच्या आधी काय आहे, ओळखा," फोनवर विद्यार्थी म्हणाला.

"सी?"

"सी-जीच. समोरच्या पेडावरचा सी घसरला की इकडे जीचा ए होतो. पण नुसत्या घसरण्यानं एवढा आकडा भरत नाही. बापाच्या बीजपेशी जिथं तयार होतात तिथं हा बदल झालेली पेशी शेजारणींपेक्षा जास्त वाढते, तिची पिलावळ होते. वय वाढेल तसं प्रमाण वाढतं. हा नवा बदल जवळजवळ नेहमी वडिलांकडून येतो, सर. १९९८ साली तपासून पाहिलंय."

मी खुर्चीतच बसून राहिलो. बारा वर्षे जी बाई दोडक्याचा जाब देत होती, तिच्याकडून तो बदल आलेलाच नव्हता. मला घाई झाली होती. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी सगळे सांगितले; सी-जी, टी-जी, मुद्रिते, दिन आणि दीन. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे आता ह्यांना बोल लावायचा का, सर?" तिने विचारले.

"नाही हो, ताई. त्यांनी काही केलं नाही. ते अक्षर कोणाचंही घसरू शकतं."

"मग घरात सांगून उपयोग नाही," ती म्हणाली. "सासूबाई म्हणतील, कोणीच केलं नाही, असं कसं होईल?"

या प्रश्नापुढे माझ्या विद्यार्थ्याची सारी गणिते निरुपयोगी होती. तरीही पुढच्या पालकसभेला मी, त्या मुलाचा उल्लेख न करता, ग्रहणाचा विषय काढला. वर्गातली बहुतेक मुले २०१० सालचीच. म्हणजे त्या दुपारी समोर बसलेल्या कितीतरी बायका दिवसभरल्या होत्या किंवा नुकतेच दिवस गेलेल्या होत्या. त्या दिवशी कोणी विळी हातात घेतली होती, असे मी हसत विचारले. आधी कोणी बोलेना. मग एक हात वर झाला, तो पाहून दुसरा, शेवटी सात. एकीने तर त्या दुपारी आख्खा कोबी चिरला होता, आणि तिचा मुलगा शाळेच्या कबड्डीच्या संघात होता. बायका हसू लागल्या. त्या मुलाची आजी मागच्या ओळीत बसली होती. ती हसली नाही. पण वळून वळून ते हात पाहत होती.

मी हे मोठ्या अभिमानाने पुण्याला कळवले. "सर, सात बायकांवरून काहीही सिद्ध होत नाही," माझा विद्यार्थी म्हणाला. "पंचवीस हजारांत एकदा घडणारी गोष्ट आहे. सात निरोगी मुलं तर कशीही सापडली असती." त्याचे बरोबर होते. खरा पुरावा १,१३८ व्या अक्षराचा. आजीच्या मनावर त्याचा काही परिणाम झाला नव्हता. आणि शास्त्राच्या दृष्टीने कवडीमोलाच्या त्या सात हातांनंतर घरात दोडक्याचे नाव निघाले नाही, असे मुलाच्या आईने दिवाळीच्या सुटीआधी मला सांगितले.

तेव्हा ती आणखी एक गोष्ट विचारायला आली होती. ती तिने बराच वेळ विचारली नाही. पाटाचे पैसे किती झाले, सहामाहीचा निकाल कधी, असे सगळे झाल्यावर ती म्हणाली, "दुसरं झालं तर, सर?"

मी डॉक्टरांना फोन लावून तिच्याच हाती दिला. तिने बाजूच्या बाकावर बसून, त्यांना पुन्हा पुन्हा थांबवत, विचारून घेतले. आईवडील दोघेही सामान्य उंचीचे असताना दुसऱ्या मुलाला हाच आजार होण्याचा संभव शंभरात एकाहून कमी. या मुलाला पुढे त्याची स्वतःची मुले होतील, तेव्हा मात्र निम्मा. बायको सामान्य उंचीची असली तरी. तिने मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर दोन्ही आकडे लिहिले. दुसऱ्या आकड्याकडे थोडा वेळ पाहिले, मग पहिल्याखाली दोन रेघा मारल्या आणि ते पान फाडून, घडी करून, पर्समध्ये ठेवले.